एकाच नंबरावर भिस्त नको

आमच्या कृष्णाकाठी ऊस नंबराने ओळखतात. कुणाच्या बांधावर उभे राहून "काका, कुठला लावलाय?" असे विचारले की उत्तर येते, "शहाऐंशी हाय." म्हणजे को ८६०३२. शेजारचा सांगतो, "आपला दोनशे पासष्ट." म्हणजे फुले २६५. कुणी 'दहा हजार एक' लावून बघितलेला असतो, कुणी 'आठ हजार पाच'. वयस्कर माणसे 'चारशे एकोणीस' आणि 'सातशे चाळीस' यांच्या आठवणी काढतात आणि 'सहाशे एकाहत्तर'सारखा गूळ पुन्हा झाला नाही, असे ठामपणे सांगतात.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या ऊती संवर्धन प्रयोगशाळेत काम करते. उसाच्या शेंड्यातला अगदी कोवळा, वाढता कोंब निर्जंतुक कपाटात चिमट्याने वेगळा काढायचा, काचेच्या बाटलीत अगरवर वाढवायचा, फुटवे वेगळे करून पुन्हा वाढवायचे, मुळे फुटली की कोकोपीटच्या ट्रेमध्ये लावून शेडनेटखाली कणखर करायचे आणि मग ती रोपे बेणे मळ्यासाठी सभासदांना द्यायची, हे आमचे काम. आजूबाजूच्या गावांतल्या मुली आणि सुना ते फार सफाईने करतात. रोपे न्यायला ट्रॅक्टर घेऊन आलेले शेतकरी हमखास एक प्रश्न विचारतात, "मॅडम, औंदा नवीन काय काढलंय?"

या प्रश्नाचे उत्तर ट्रॅक्टर भरेपर्यंतच्या वेळात देता येत नाही. आमच्या प्रयोगशाळेत नवा वाण तयार होत नाही. असलेल्या वाणाची रोगमुक्त रोपे तयार होतात. नवा वाण तयार व्हायला साधारण १२ ते १५ वर्षे लागतात आणि त्यामागे जगातल्या सगळ्यात गुंतागुंतीच्या जनुकसंचांपैकी एकाशी चाललेली झुंज असते. ती झुंज समजली तर आपल्या रानात कोणता नंबर असावा आणि एकच का नसावा, हेही समजते. म्हणून हा लेख.

एका उसाच्या लाखो नकला

गहू, ज्वारी, हरभरा आपण दाण्यापासून लावतो. ऊस लावतो तो कांडीच्या डोळ्यापासून. डोळ्यातून जो ऊस येतो त्यात मूळ उसाचेच सगळे गुण असतात, आईबापांचे मिश्रण नसते. म्हणजे राज्यभर उभा असलेला को ८६०३२ हा मुळात एकाच रोपाचा विस्तार आहे. हजारो गावांतले ते उभे पीक जनुकांच्या दृष्टीने एकच झाड आहे.

याचा फायदा मोठा आहे. एकदा चांगला ऊस सापडला की त्याची गोडी, जाडी, फुटवे पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहतात. तोटाही तेवढाच मोठा आहे. एखाद्या बुरशीला किंवा किडीला त्या एका झाडाचे कुलूप उघडता आले, तर तिला सगळ्या रानांचे दार उघडे होते. त्यामुळे उसाचा कोणताही वाण कायमचा नसतो. आज तो कितीही जोरात असला तरी त्याच्या मागे पुढच्या वाणांची रांग तयार हवी. ऊस संशोधनाचे सगळे मोल या रांगेत आहे.

नवा वाण हवा तर उसाला बी धरायला लावावे लागते. हिवाळ्यात उसाला तुरा येतो तो आपण तोट्याचा मानतो, कारण तुरा आला की वाढ थांबते आणि पुढे ऊस पोकळ पडू लागतो. संशोधकाला मात्र तोच हवा असतो. तुऱ्यातल्या केसाळ भुशात मोहरीहूनही बारीक बी असते आणि त्यातले प्रत्येक बी म्हणजे एक वेगळा, नवा ऊस. उसाचे बी रुजते आणि त्यातून नवे वाण निवडता येतात, हे जावा आणि बार्बाडोस या दोन बेटांवर १८८०च्या दशकात पक्के झाले. जावात तेव्हा 'सेरेह' नावाच्या रोगाने ऊस बसत चालला होता. गरजेपोटीच ही वाट सापडली.

गोड ऊस आणि नदीकाठचे गवत

आपण ज्याला पुंड्या ऊस म्हणतो, जाड, मऊ, रसाळ, चावून खायचा, तो 'सॅकरम ऑफिसिनारम' या जातीतला. या जातीला माणसाने न्यू गिनीच्या परिसरात हजारो वर्षांपूर्वी आपलेसे केले. गोडी तिच्यात भरपूर, पण ती नाजूक. रोग लवकर लागतो, पाणी कमी पडले की मान टाकते, तोडल्यावर बुडख्यातून खोडवा नीट फुटत नाही. दुसरीकडे ओढ्या-नद्यांच्या काठी पांढरे तुरे डोलवणारे कास गवत असते. ते 'सॅकरम स्पॉन्टेनियम', उसाचे रानटी भावंड. त्यात साखर जवळजवळ नाही, काडी बोटाएवढी. पण उन्हात टिकते, पुरात टिकते, कितीही कापले तरी पुन्हा फुटते.

१९१२मध्ये कोइम्बतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झाले. तिथे चार्ल्स बार्बर आणि टी. एस. वेंकटरमण यांनी या दोघांचा संकर घडवला. 'वेल्लै' नावाचा जाड गोड ऊस आई आणि कोइम्बतूरच्या परिसरातले हे रानगवत बाप. त्यातून निघालेला को २०५ हा वाण १९१८मध्ये उत्तर भारतासाठी प्रसारित झाला. रानटी जातीचे रक्त मुद्दाम आणून शेतकऱ्याच्या रानात यशस्वी झालेला तो पहिला ऊस. आजच्या भारतीय उसाची सगळी वंशावळ या विचारावर उभी आहे: गोडी एकाकडून, काटकपणा दुसऱ्याकडून.

या संकरात निसर्गाने एक अनपेक्षित मदत केली. एरवी आई आणि बाप दोघेही आपली निम्मीनिम्मी गुणसूत्रे पिल्लाला देतात. गोड ऊस आई असेल आणि रानगवत बाप असेल, तर आई मात्र बहुधा आपली सगळी गुणसूत्रे देते. वेल्लैची ८० आणि त्या गवताच्या ६४पैकी निम्मी ३२, मिळून ११२. यामुळे पहिल्याच पिढीत गोडीचे पारडे जड होते. पुढे त्या संकराचा पुन्हा गोड उसाशी संकर करत गेले की रानटीपणा कमी होतो आणि काटकपणा बराचसा उरतो. आज आपण लावतो त्या उसात साधारण १०० ते १३० गुणसूत्रे असतात. त्यातली बहुतेक गोड पूर्वजाची, दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास रानगवताची आणि काही दोघांचे तुकडे जुळून झालेली. आपला खोडवा फुटतो तो त्या थोड्याशा गवतामुळे.

कोइम्बतूरचा इतिहास सांगताना मी आमच्या मुलींना एक नाव आवर्जून सांगते: जानकी अम्माल. केरळातल्या तलश्शेरीला १८९७मध्ये जन्मलेली ही बाई १९३४ ते १९३९ या काळात कोइम्बतूरला होती. सूक्ष्मदर्शकाखाली उसाची गुणसूत्रे मोजणे, उसाचा मक्याशी आणि इतर गवतांशी संकर करून बघणे, कोणते नाते जुळते आणि कोणते तुटते याचा माग काढणे, हे काम तिने केले. पुढे ती इंग्लंडला गेली आणि सी. डी. डार्लिंग्टन यांच्याबरोबर लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा मोठा कोश तयार केला. १९७७मध्ये तिला पद्मश्री मिळाली. दिवसभर चिमटा आणि बाटली घेऊन बसणाऱ्या माझ्या सहकारी मुलींना हे ठाऊक असायला हवे, कारण त्यांच्या कामाची मोठी बहीण तिथे होऊन गेली आहे.

एक नंबर, पंधरा वर्षे

महाराष्ट्राच्या उसाचा इतिहास या नंबरांनी लिहिता येतो. जावाचा पीओजे २८७८ हा एके काळी जगभर गाजलेला ऊस. त्याचा को २९०शी संकर होऊन को ४१९ निघाला आणि दख्खनच्या कालव्यांखालच्या मळ्यांत पसरला. नंतर को ७४०ने अनेक वर्षे राज्य केले. मग तमिळनाडूतल्या कडलूरचा कोसी ६७१ आला, लवकर पक्व होणारा आणि साखरेला भारी. को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून को ८६०३२ निघाला, ज्यावर आजही आमच्या भागाची मदार आहे. सातारा जिल्ह्यातल्या पाडेगावला १९३२पासून ऊस संशोधन केंद्र आहे. ते आज राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा भाग आहे. फुले २६५ आणि फुले १०००१ तिथलेच. आठ हजार पाच म्हणजे व्हीएसआय ०८००५, पुण्याजवळ मांजरीला असलेल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचा.

असा एक नंबर शेतकऱ्याच्या हाती येण्याआधी काय काय घडते, ते थोडक्यात सांगते. आपल्याकडे उसाला तुरा आला तरी त्यात बी नीट भरत नाही. त्याला दिवसाची विशिष्ट लांबी, उबदार रात्री आणि दमट हवा लागते. कोइम्बतूरला ते जमते. तिथे संकरासाठी राष्ट्रीय बाग आहे आणि देशभरातले संशोधक आपल्याला हवे ते आईबाप तिथे निवडतात. आपल्या राज्यात आंबोलीच्या दमट हवेत वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने संकर केंद्र उभारले आहे. तुरा येणाऱ्या उभ्या उसाच्या कांड्यांवरच मुळे फोडून घेतात, मग तो ऊस खालून कापून संकराच्या जागी आणतात. सकाळी बापाच्या तुऱ्याचे ताजे परागकण आईच्या तुऱ्यावर झटकतात आणि परके पराग येऊ नयेत म्हणून तो झाकून ठेवतात.

बी पिकले की ते भुशासकट पेरतात. हजारो रोपे उगवतात आणि प्रत्येक रोप वेगळे असते. संशोधक सरीतून चालत एकेक बेट बघतो: फुटवे किती, कांडी किती लांब, ऊस लोळतो का, पाचट आपोआप सुटते का, डोळे फार फुगलेत का, पोकळी आहे का. हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे रसाची गोडी, बघतो. बहुतेक रोपे पहिल्याच वर्षी बाद होतात. उरलेल्यांच्या कांड्या लावून पुन्हा निवड. मग काणी आणि लाल कूज यांची बुरशी मुद्दाम टोचून परीक्षा. मग अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात वेगवेगळ्या राज्यांच्या केंद्रांवर दोन लागणी आणि एक खोडवा. पाच आकडी नंबरातले पहिले दोन आकडे हे निवडीचे वर्ष. ८६०३२ म्हणजे १९८६मधली निवड. आपल्या बांधावर तो रुळायला नव्वदचे दशक उलटावे लागले.

लागण आणि खोडवा दोन्ही बघायचे म्हटले की प्रत्येक पायरीला तीन-चार वर्षे जातात. शास्त्रज्ञाच्या नोकरीत असे मोजकेच वाण पूर्ण होतात आणि काहींच्या नशिबी एकही नसतो. नवा नंबर लावणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे.

जनुकसंच वाचण्याची लढाई

ही पंधरा वर्षे कमी करता येतील का? इथे डीएनएचे शास्त्र कामी येते. रोप वितीएवढे असतानाच पानाचा तुकडा तपासून त्यात रोगप्रतिकाराचे जनुक आहे की नाही हे कळले, तर नको ती रोपे पहिल्याच महिन्यात बाजूला करता येतील. भातात आणि गव्हात हे बरेच साधले आहे. भाताचा जनुकसंच सुमारे ४० कोटी अक्षरांचा आहे आणि तो २००५मध्ये नीट वाचून झाला. माणसाचा सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. उसाचा सुमारे १००० कोटींचा.

अडचण नुसत्या लांबीची नाही. माणसात प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. उसात आठ, दहा, काही ठिकाणी बारा, आणि त्या एकसारख्याही नाहीत. कल्पना करा, तलाठी कार्यालयातल्या एकाच सातबाऱ्याच्या दहा नकला आहेत, प्रत्येकीत दोन-चार अक्षरे वेगळी आहेत, सगळ्यांच्या चिंध्या एका पोत्यात मिसळल्या आहेत, आणि तुम्हाला दहाही उतारे वेगवेगळे जुळवून द्यायचे आहेत. कोणती चिंधी कोणत्या नकलेची हे ओळखणे ही उसाच्या जनुकशास्त्राची खरी डोकेदुखी होती.

२०१८मध्ये चीनमधल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने रानटी स्पॉन्टेनियमचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी आर ५७० या लागवडीच्या वाणाचा पहिला, एकेरी आराखडा आला. हा वाण हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाचा. मग मार्च २०२४मध्ये अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांतल्या संशोधकांनी मिळून आर ५७०चा बहुप्रती आराखडा 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ८७० कोटी अक्षरे जुळवलेली आहेत. आपल्या काळातल्या पीकविज्ञानाची ही फार मोठी कामगिरी आहे, आणि वर्तमानपत्रांत तिला जेवढी जागा मिळाली त्याहून कितीतरी जास्त मिळायला हवी होती.

याचा उपयोग काय, हे एका उदाहरणाने कळेल. पावसाळ्यात सतत ढगाळ राहिले की आपल्याकडे पानांवर तांबेरा दिसतो. आर ५७०वर तपकिरी तांबेरा कित्येक दशके चढलाच नाही. त्याच्यात 'ब्रू-१' नावाचा एक भाग आहे, हे १९९०च्या दशकापासून ठाऊक होते. पण नेमके जनुक कोणते, ते सापडत नव्हते. नव्या आराखड्याने शेजारी शेजारी असलेली दोन जनुके दाखवून दिली. तांबेऱ्याला अडवण्याचे काम ती दोघे मिळून करतात, असे संशोधकांचे म्हणणे आहे. अशी एकेक किल्ली सापडत गेली की तिची खूण घेऊन हजारो रोपांतून नेमकी रोपे निवडता येतात.

साखरेचे मात्र असे एक जनुक नाही. गोडी, टनेज, खोडव्याचा जोर, पाण्याचा ताण सोसणे ही कामे शेकडो जनुकांची लहान लहान मदत मिळून होतात. त्यामुळे एक खूण बघून वाण निवडता येत नाही. संपूर्ण जनुकसंचातल्या हजारो खुणांवरून एखादे रोप पुढे कसे निघेल याचा अंदाज बांधायची पद्धत आता उसातही वापरात येऊ लागली आहे. रानातली परीक्षा त्याने संपणार नाही, पण त्या परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या कमी होईल आणि वर्षे वाचतील.

बाहेरचे जनुक आणि घरातली दुरुस्ती

रोपे न्यायला येणारी तरुण मुले 'जीएम ऊस' आणि 'जीन एडिटिंग' यांबद्दल विचारतात. दोन्ही वेगळे आहेत, ते नीट समजून घ्यावे.

जीएम म्हणजे दुसऱ्या जीवाचे जनुक उसात घालणे. इंडोनेशियाने २०१३मध्ये पाण्याचा ताण सोसणाऱ्या अशा उसाला मान्यता दिली. ब्राझीलने २०१७मध्ये खोडात शिरणाऱ्या अळीला मारणारा बीटी ऊस मंजूर केला. भारतात लागवडीसाठी असा कोणताही ऊस मंजूर नाही. कोइम्बतूरच्या प्रयोगशाळेत 'इरियँथस' या उसाच्या काटक नातलग गवतातले उष्णता-संरक्षक जनुक उसात घालून ताण सोसण्याची ताकद वाढते का, हे तपासले गेले आहे आणि निकाल आशादायक आहेत. पण आपल्या देशात उसाचे रानटी नातलग ओढ्याकाठी सगळीकडे उभे आहेत. बाहेरचे जनुक त्यांच्यात गेले तर काय, याचा विचार ब्राझीलपेक्षा आपल्याला जास्त करावा लागेल. ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर रानातल्या काटेकोर चाचण्यांनीच द्यायला हवे.

जीन एडिटिंगमध्ये बाहेरचे काही आणायचे नसते. उसाच्या स्वतःच्याच जनुकात नेमक्या जागी बारीक बदल करायचा असतो. बाहेरचा डीएनए शिल्लक नसलेल्या अशा पिकांना मार्च २०२२मध्ये केंद्र सरकारने जीएमच्या कडक नियमांतून सूट दिली आणि मे २०२५मध्ये असे दोन भाताचे वाण जाहीरही झाले. उसात ते कठीण जाते, कारण एका जनुकाच्या दहा प्रती असतील तर बहुधा त्यातल्या अनेक ठिकाणी बदल व्हावा लागतो. तरी ब्राझीलमध्ये आणि अमेरिकेतल्या फ्लोरिडामध्ये ते करून दाखवले आहे. फ्लोरिडातल्या संशोधकांनी पानांचा कोन ठरवणारे जनुक बदलून पाने अधिक उभी केली. त्यामुळे दाट लागणीतही खालच्या पानांपर्यंत ऊन पोचले आणि उत्पादन वाढले. आपल्या आडसाली उसात आतली पाने सावलीत वाळून जातात हे ज्याने पाहिले आहे, त्याला या प्रयोगाचे मोल लगेच कळेल.

उत्तरेकडून आलेला धडा

आता मूळ मुद्द्याकडे येते. हरियाणातल्या कर्नालच्या केंद्रात डॉ. बक्षी राम यांनी को ०२३८ हा वाण काढला. २००९मध्ये तो प्रसारित झाला. टनेजही चांगले आणि साखरही. उत्तर प्रदेशात कारखान्यांचा उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, नऊ-सव्वानऊ टक्क्यांवरून अकराच्या पुढे गेला त्यात या एका वाणाचा वाटा सगळ्यात मोठा. शेतकऱ्यांच्या हाती पैसा आला. २०२३मध्ये डॉ. बक्षी राम यांना पद्मश्री मिळाली, ती योग्यच होती.

पण तो वाण इतका आवडला की उत्तर प्रदेशातल्या ऐंशी टक्क्यांहून अधिक उसाच्या क्षेत्रावर तो एकटाच उभा राहिला. मग लाल कूज आली. ऊस उभा चिरला की आतून लाल, मधे आडवे पांढरे ठिपके आणि आंबलेला वास. उभी पाने वाळत गेली. कारखान्यांना आणि सरकारला हा वाण बदला, असे सांगत फिरावे लागले. उत्तरेत हे पहिल्यांदा घडले नव्हते. १९३०च्या दशकाच्या शेवटी को २१३ याच बुरशीने पूर्व उत्तर प्रदेशात आणि बिहारमध्ये असाच बसला होता. ऐंशी वर्षांत शास्त्र केवढे पुढे गेले, तरी एकाच नंबरावर सगळे रान लावायची सवय गेली नाही.

आपली हवा कोरडी असल्याने लाल कूज इथे तितकी भडकलेली नाही. पण हवा बदलते आहे. ऑगस्ट २०१९च्या महापुरात कृष्णा-पंचगंगेच्या काठचा ऊस कित्येक दिवस पाण्यात होता. ज्याचा शेंडा पाण्याखाली गेला तो कुजला, शेंडा वर राहिला त्यातला बराचसा सावरला. पुढे पावसाने ओढ दिली तेव्हा त्याच गावांत विहिरींनी तळ गाठला. पुरात तग धरणारा, पाण्याच्या ताणात टिकणारा, चोपण जमिनीत येणारा, असे वेगवेगळे वाण आपल्याला एकाच तालुक्यात लागणार आहेत. कोणताही एक नंबर हे सगळे देऊ शकत नाही.

वाण निवडताना आणखी एक गाठ सुटायला हवी. शेतकऱ्याला टन हवे असतात, कारखान्याला उतारा. एफआरपी, म्हणजे केंद्र सरकार ठरवते तो उसाचा किमान भाव, १०.२५ टक्के उताऱ्याच्या पायावर ठरते, पण शेतकऱ्याला भाव मिळतो तो कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. त्यामुळे ज्याने गोड वाण लावला आणि वेळेवर तोडला, त्याला त्या गोडीचा वेगळा मोबदला मिळत नाही. फुले २६५ टनेजला, खोडव्याला आणि चोपण जमिनीला उत्तम, पण तो उशिरा पक्व होतो. तो हंगामाच्या सुरुवातीलाच तुटला तर उतारा पडतो आणि दोष वाणावर जातो. कोणता वाण कधी तोडायचा याचे वेळापत्रक कारखान्याने वाणाप्रमाणे लावले, तर या तक्रारी बऱ्याच कमी होतील. जनुकशास्त्राने दिलेला गुण तोडणीच्या कार्यक्रमात वाया जाऊ नये, ही जबाबदारी आम्हा कारखान्यातल्या माणसांची आहे.

शेतकऱ्याने काय करावे? सगळे रान एका नंबराखाली ठेवू नका. निम्म्याहून जास्त क्षेत्रावर एकच वाण असेल तर पुढच्या लागणीला दुसरा शिफारस केलेला वाण थोड्या जागेवर लावून बघा. शिफारस नसलेला, दुसऱ्या राज्यातून चोरून आणलेला नंबर लावू नका. वाणाबरोबर तिकडचा रोगही येतो. बेणे दर तीन-चार वर्षांनी बदला. खोडव्याचे बेणे वापरू नका. बेणे मळा वेगळा राखा आणि ९ ते ११ महिने वयाचे, निरोगी बेणेच लावा. गवताळ वाढीचे किंवा काणीचे बेट दिसले तर ते मुळासकट उपटून जाळा, शेजाऱ्यालाही सांगा. आमच्या प्रयोगशाळेतल्या बाटलीतून निघालेले रोप निरोगी असते. पुढे ते निरोगी राहील की नाही, हे तुमच्या रानात ठरते.

आणि सरकारला, कारखान्यांना, साखर संघांना विनंती आहे: पाडेगाव, मांजरी आणि कोइम्बतूर यांना संशोधनासाठी माणसे द्या आणि दर वर्षी खात्रीने पैसे द्या. उसाचा जनुकसंच वाचून झाला, पण आपल्या वाणांच्या, आपल्या मातीच्या, आपल्या पाण्याच्या संदर्भात तो वापरायला शिकलेली तरुण माणसे आपल्याकडे अजून थोडी आहेत. आज पेरलेल्या उसाच्या बियातून निघणारा वाण आपल्या रानात पंधरा वर्षांनी येणार आहे. ते बी या हंगामात पेरले गेले नाही, तर पंधरा वर्षांनी "नवीन काय काढलंय?" या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नसेल.